दोन कबुल्या आणि एक टाचणी

१

टाचणी कागदाच्या पुडीत होती. शिवराजनं ती पुडी काउंटरवर इतकी जपून उलगडली, की आत विंचू आहे असंच कुणालाही वाटावं.

"हा बघा ताई, पुरावा," तो म्हणाला. "लॅपटॉपच्या पोटाखाली सापडला. आता तरी पटलं की?"

सिद्धेश्वरीनं चष्मा वर सरकवला. शिंप्याची साधी टाचणी होती. जुळे सोलापुरात रसवंती आणि मेडिकल यांच्या मधल्या गाळ्यात तिचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि पंधरा वर्षांत तिनं लॅपटॉपांच्या पोटातून झुरळं काढली होती, शेंगदाण्याची चटणी काढली होती, एकदा तर कुणाचा तरी दुधाचा दात काढला होता. टाचणीनं ती हबकणार नव्हती. पण शिवराजचा चेहरा बघून तिनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

शिवराजचा अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवायचा कारखाना. वय बत्तीस. वडील गेल्यावर चार वर्षांपूर्वी सगळं त्याच्या अंगावर पडलं, आणि अंगावर पडलेलं निभावताना माणूस जरा तिरसट होतो, तसा तो झाला होता. त्याचा हा लॅपटॉप तीन दिवसांत तिसऱ्यांदा दुकानात आला होता. मंगळवारी पहिल्यांदा आला तेव्हा तक्रार अशी, की सहा महिने कासवासारखा चालत होता, आणि सोमवारपासून तर उठतच नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, पडदा मात्र काळाठिक्कर. सिद्धेश्वरीनं काउंटरवर ठेवून बटण दाबलं आणि लॅपटॉप कण्हत कुंथत का होईना, उठला. बुधवारी पुन्हा तीच गत. कारखान्यात मेलेला, दुकानात जिवंत.

मशीन खोटं बोलत नाही, असं लोक म्हणतात. सिद्धेश्वरीचा अनुभव वेगळा होता. मशीन सपशेल खोटं बोलतं, आणि तेही नेमकं दुरुस्तीवाल्यासमोर.

"कुणी खुपसली म्हणता?" तिनं विचारलं.

"कुणी म्हणजे? आमचे कटिंग मास्तर, ईश्वरप्पा. चौतीस वर्षं झाली त्यांना. पूर्वी पुठ्ठ्याचे पॅटर्न तेच काढायचे. दसऱ्याला मी लॅपटॉप आणला, पॅटर्न काढायला पायलला ठेवलं, आणि त्यांचं मोठं टेबल तिला दिलं. तेव्हापासून डोक्यात राख घालून बसलेत. सगळ्यांसमोर म्हणाले होते, ह्या डब्याच्या पोटात एक दिवस टाचणी खुपसतो बघ. खुपसली की!"

"मग आता?"

"उद्या चारला शाल-नारळ. चांगलं बोलायचं, फोटो काढायचा, आणि परवापासून घरी आराम करा म्हणायचं. वडिलांच्या वेळचा माणूस, म्हणून इतपत तरी करतोय." शाल आणि नारळ त्यानं गाडीच्या डिकीत आणूनही ठेवले होते.

ईश्वरप्पा मास्तरांना सिद्धेश्वरीनं कधी बघितलंही नव्हतं. तरी तिला वाईट वाटलं. माणसानं चौतीस वर्षं कात्री चालवावी आणि शेवटी चोरासारखं बाहेर पडावं, तेही नारळ हातात घेऊन हसत हसत, हे काही बरं नव्हे.

"टाचणी आत घुसली होती, की आडवी चिकटली होती?"

शिवराज जरा घुटमळला. "आडवी. चिकटलेली. बोटानं ओढली तर आली."

"खुपसलेली टाचणी आडवी कशी हो राहील?"

सिद्धेश्वरीनं टाचणी उचलून सहज बाजूच्या वाटीत टाकली. वाटीत लॅपटॉपचे बारके स्क्रू होते. पुन्हा टाचणी उचलायला गेली, तर टोकाला दोन स्क्रू लोंबकळत वर आले.

२

"हे काय?" शिवराज वाकून बघायला लागला.

"हेच मला कळत नाही," सिद्धेश्वरी म्हणाली आणि तिनं टाचणी पुन्हा पुडीत बांधून ठेवली. तिला न कळलेल्या गोष्टी ती फेकत नसे. "आधी याचं पोट बघू."

तिनं लॅपटॉप उलटा केला, मागचं झाकण काढलं आणि पंख्याच्या तोंडाशी चिमटा घातला. तिथून जी वस्तू निघाली ती पाहून शिवराजला हसूच आलं. बोटभर लांबीची, दाबून बसलेली सुताच्या धुळीची लादी. एकावर एक रंगाचे थर.

"वाचा," सिद्धेश्वरी म्हणाली.

"काय वाचू?"

"तुमचाच कारखाना आहे. वरचा थर निळा."

"निळं आत्ता चालू आहे. माढ्याच्या शाळेचं." शिवराजला आता गंमत वाटू लागली. "त्याखाली मरून रंग, तो संक्रांतीच्या आसपास. खाकी त्याच्या आधी. आणि पांढरं तर दिवाळीपासून चालूच."

"म्हणजे दिवाळीपासून याचं नाक बंद होत आलंय. वारं आत जाईना, पोट तापतं, आणि तापलं की जळू नये म्हणून हा बिचारा आपणहून हळू चालतो. हळू चालण्याचा गुन्हा कुणी एका दिवशी केलेला नाही. गुन्हेगार तुमचं सूत आहे."

तिनं पंखा पुसला, नवी पेस्ट लावली, झाकण बसवून बटण दाबलं. लॅपटॉप असा उठला, की शिवराज बघतच राहिला. त्याला तो विकत घेतला तेव्हाही इतका चपळ आठवत नव्हता.

"मग झालं की! लई बेस्ट!"

"नाही झालं. हा हळू चालायचा आजार होता, तो बरा झाला. न उठायचा आजार वेगळा आहे, आणि तो माझ्याकडे कधी आलाच नाही. सोमवारी सुरू झाला ना? रविवारी काय केलं होतं तुम्ही?"

"रविवारी काही नाही. सुट्टी. रंगकाम उरकून घेतलं फक्त."

सिद्धेश्वरीनं मान हलवली. "लॅपटॉप घेऊन जा. उद्या सकाळी तो पुन्हा उठणार नाही."

"असं कसं म्हणता? आत्ता तर..."

"उठला तर तुमचं नशीब. नाही उठला तर मला फोन करा, आणि मी येईपर्यंत नारळ डिकीतच राहू द्या."

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन वाजला.

३

कारखान्याच्या दाराशी चपलांचा ढीग होता. आत वीसेक मशिनी खडखडत होत्या, भिंतींना ताज्या रंगाचा वास होता आणि बायका अनवाणी पायांनी निळ्या कापडाचे गठ्ठे इकडून तिकडे नेत होत्या. सिद्धेश्वरी उंबऱ्यावर थबकली. लहानपणी शेजारच्या शिंप्याकडे गेलं की पायात टाचणी घेऊनच परत यायचं, हे तिला पक्कं आठवत होतं.

"या की बाई. बिनघोर या," काज-बटणाच्या मशिनीवरनं एक म्हातारी म्हणाली. "हितं पायाला टाचणी लागत न्हाय कुणाच्या. ह्यो कारखाना तसला न्हाय."

ती सोजरबाई. मास्तरांच्या खालोखाल तीच जुनी. तिनं बसायला स्टूल सरकवलं, चहा मागवला आणि पदराखालच्या पिशवीतनं केळ्याची फणी काढून सगळ्यांना एकेक वाटली. शिवराजला वगळून.

"मालकांना नाही?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"मालक केळाला शिवत न्हाईत."

"वासच नको वाटतो," शिवराज म्हणाला. "लहानपणापासून." आणि तो घाईनं ऑफिसात गेला.

लॅपटॉप एका लांबरुंद जुन्या टेबलाच्या टोकाला, भिंतीतल्या नव्या प्लगजवळ ठेवला होता. टेबल सागवानी पायांचं, वर गुळगुळीत झालेली फळी. सिद्धेश्वरीनं त्याच्याभोवती एक फेरी मारली. टेबलाच्या लांब कडेला इंचांच्या खुणांची पितळी पट्टी ठोकलेली होती, पण ती कड भिंतीकडे होती. मोजायची पट्टी भिंतीकडे तोंड करून कोण ठोकेल, असा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिनं तोही पुडीत बांधून ठेवला.

पायल टेबलाशीच उभी होती. चोविशीची, डोळे सुजलेले. सिद्धेश्वरीनं अजून काही विचारलंही नव्हतं.

"मॅडम, मास्तरांनी नाही केलं. मी बिघडवलाय," ती एका दमात म्हणाली.

"कसा?"

पायलनं खणातून एक वस्तू काढली. मोरांच्या नक्षीच्या सोलापुरी चादरीचा तुकडा दुहेरी करून, आत कापूस भरून, बारीक टाके घालून शिवलेली खोळ. अगदी बाळाच्या दुपट्यासारखी.

"धूळ लागू नये म्हणून शिवली. जेवायला जाताना, चहाला जाताना मी फक्त झाकण लावते आणि यात गुंडाळते. बंद करत नाही. काल सर म्हणाले की तापून हळू झाला होता, तेव्हा कळलं की मीच त्याला गोधडीत घालून भाजत होते. मला बोला, मला काढा. त्यांना नका काढू."

सिद्धेश्वरीला त्या खोळीचे टाके इतके आवडले, की रागवायचं राहूनच गेलं.

"यानं हळू झाला असेल. न उठायला हे कारण पुरत नाही. तू आणखी काहीतरी लपवतेस पायल. मास्तरांनीच केलं असं तुला वाटतं, हो ना? म्हणून आपल्या अंगावर घेतेस."

पायलनं मान खाली घातली. नखानं फळी खरवडू लागली.

"बुधवारी मी लवकर आले होते," ती शेवटी पुटपुटली. "मास्तर इथं वाकून उभे होते. लॅपटॉपला हात नव्हता लावला. पण त्यांचा हात टेबलाच्या खाली होता. पार कोपरापर्यंत."

४

ईश्वरप्पा मास्तर खिडकीपाशी सनमायकाच्या नव्या टेबलावर खडूनं रेघा मारत होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात टेप. वय साठीच्या पुढे, पण रेघ अशी सरळ, की पट्टीनं शरमावं.

"नमस्कार री, मास्तर," सिद्धेश्वरी म्हणाली. घरी कन्नड बोलणारी माणसं एकमेकांना दोन शब्दांत ओळखतात. मास्तरांनी खडू ठेवला.

"बस यव्वा. तुला कशाला पाठवलं ते ठाऊक हाय मला. पोरीला त्रास देऊ नका. मीच केलं ते."

सिद्धेश्वरी बसली. सकाळपासून ही दुसरी कबुली. एका गुन्ह्याला एक गुन्हेगार मिळायची मारामार असते, आणि इथं लोक रांग लावून उभे होते.

"काय केलं?"

"टाचणी खुपसली."

"कुठं?"

मास्तरांनी जरा विचार केला. "ते अक्षरं असत्यात की, त्याच्या फटीत."

"आणि बिघडला?"

"हौदु, व्हय. बिघडला की."

"मास्तर, टाचणी अक्षरांपाशी नव्हती. तुम्हाला माहीतच नाही ती कुठं होती." सिद्धेश्वरी हळू आवाजात म्हणाली. "ज्यानं केलं त्याला निदान जागा तरी ठाऊक असते. तुम्ही कुणाला वाचवताय?"

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यांचा आवाज एकदम उतरला.

"सोमवारी ते उठंना, तवा पोरीनं त्याला दोन चापट्या हाणल्या. जोरात. मी बघितलं. त्यानंच मोडलं असंल. पहिलंच काम हाय तिचं, हात चांगला हाय. मी शिकवलंय तिला कॉलर कापायला. माझं काय? आज न्हाई तर उद्या जायचंच हाय. बिडु यव्वा, सोड."

"टोचीन म्हणाला होता तुम्ही सगळ्यांसमोर."

"म्हणालो की. टेबल घेतलं माझं, राग आला. रागात माणूस काय बी बोलतो. पण टाचणी..." ते थांबले. "टाचणीची चेष्टा मी करायला नको होती. मी तर नकोच."

हे वाक्य त्यांनी का म्हटलं, ते सिद्धेश्वरीला तेव्हा कळलं नाही.

"बुधवारी टेबलाखाली हात घालून काय करत होता?"

मास्तर ओशाळले. "काय न्हाई. तीस-बत्तीस वर्षं त्या टेबलाशी उभा होतो. कारखान्यातनं जायच्या आधी एकदा हात फिरवून घेतला."

"आणि रविवारी रंगकामाला तुम्ही इथं होता?"

"रविवारी? न्हाई. अक्कलकोटला भाचीचं लग्न होतं. सोमवारी येऊन बघतो तर टेबल उलटं फिरवलेलं."

सिद्धेश्वरी ताडकन उठली. भिंतीकडे तोंड केलेली पितळी पट्टी, स्क्रू उचलणारी टाचणी आणि अनवाणी पाय या तीन पुड्या तिच्या मनात एकदमच सुटल्या.

तेवढ्यात शिवराज ऑफिसातून बाहेर आला. त्याच्या हातात शाल होती, काखेत नारळ.

"चारला कार्यक्रम होता, पण दुपारी माढ्याची पार्टी येतीय," तो म्हणाला. "आत्ताच उरकू या."

५

"पाच मिनिटं," सिद्धेश्वरी म्हणाली. "मशिनी बंद करायला सांगा आणि सगळ्यांना इकडं बोलवा."

खडखड थांबली. बायका हात पुसत जमल्या. मास्तर सगळ्यांच्या मागे, दाराशी उभे राहिले. त्यांनी शाल पाहिली होती.

"पायल, स्टुलावर बस. लॅपटॉप मांडीवर घे. बटण दाब."

पायलनं भीत भीत बटण दाबलं. दिवा लागला, आणि क्षणभरानं पडदा उजळला. बायकांमध्ये कुजबुज झाली. शिवराजनं नारळ या काखेतून त्या काखेत घेतला.

"आता तसाच उचल आणि टेबलावर ठेव. त्याच्या रोजच्या जागी."

पायलनं लॅपटॉप अलगद टेबलावर टेकवला. पडदा काळा झाला.

"उचल."

उचलला. पडदा उजळला.

"ठेव."

पुन्हा काळा.

"अगं बया, भानामती!" मागून कुणीतरी म्हणालं.

"टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेव," सिद्धेश्वरी म्हणाली. तिथं लॅपटॉप ठेवला तर तो खुशाल चालू राहिला. "दसऱ्यापासून गेल्या शनिवारपर्यंत पायल याच टोकाला बसत होती ना? जुना प्लग त्या बाजूला होता. रविवारी रंगकाम झालं, नवा प्लग या भिंतीला आला आणि तुम्ही टेबल फिरवलं. म्हणून पट्टी भिंतीकडे गेली. म्हणून मास्तरांची जागा लॅपटॉपखाली आली."

"पण जागेनं काय होतंय?" शिवराजला काही सुधरेना.

सिद्धेश्वरीनं टाचण्यांची डबी मागितली आणि मूठभर टाचण्या रोजच्या जागी, रिकाम्या फळीवर सोडल्या. टाचण्या पडल्या, पण आडव्या झाल्या नाहीत. ज्वारी काढलेल्या रानातल्या धसकटांसारख्या त्या फळीवर गोलाकार उभ्या राहिल्या. तिनं फळीवरून हात फिरवला, त्या हलल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

मग ती गुडघ्यांवर बसली, मोबाईलचा उजेड लावला आणि टेबलाखाली डोकं घातलं.

"शिवराज," ती आतूनच म्हणाली. "नारळ ठेवा बाजूला आणि खाली या."

६

फळी खालून पटाशीनं कोरलेली होती. कोरीव खळग्यात पुरीएवढं एक काळं कडं नेमकं बसवलेलं होतं, चार बाजूंनी लोखंडी पट्ट्या. हात फिरवून फिरवून त्याची कड गुळगुळीत झाली होती.

"स्पीकरचं लोहचुंबक," सिद्धेश्वरी म्हणाली. ती बाहेर आली, शिवराजही गुडघे झटकत उठला. "आता ऐका. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, हे पायलला ठाऊक आहे. पण मिटलं हे त्याला कळतं कसं? त्याला डोळे नाहीत. झाकणात एक बारकं चुंबक असतं. ते खालच्या भागाजवळ आलं, की तो समजतो झाकण मिटलं, आणि झोपतो. इथं झाकण उघडं, पण खालून हे भलं मोठं चुंबक सांगतंय, मिटलंय, झोप. तो बिचारा झोपतो. तो मेलेला नव्हताच. तुम्ही त्याला उठवत होता आणि टेबल त्याला थोपटत होतं."

पायल हसली आणि तिला रडूही आलं.

"आणि टाचणी?" शिवराजनं विचारलं.

"ती फळीवर राहिली असेल. वर लॅपटॉप आला, ती त्याच्या पोटाखाली आडवी दबली. चुंबकावर पडून पडून तिच्यातही ओढ आली, म्हणून ती त्याच्या स्क्रूला चिकटली आणि तिनं माझे स्क्रू उचलले. कुणी खुपसली नाही. पायलनं गोधडी शिवली, ती मायेनं. मास्तर रागानं बोलले, ते टेबलासाठी. आणि दोघांनीही गुन्हा कबूल केला, तो एकमेकांसाठी. तुमच्या कारखान्यात गुन्हेगार सोडून सगळे आहेत, शिवराज."

शिवराज मास्तरांकडे वळला. त्याचा आवाज अजून पुरता नरम झाला नव्हता. "पण मास्तर, हे असलं चुंबक टेबलाला बसवलं कशाला? आणि सांगितलं का नाही?"

मास्तर टेपशी खेळत राहिले.

"टाचण्या खाली पडू नयेत म्हणून," पायल म्हणाली. "म्हणूनच इथं कुणाच्या पायाला लागत नाही."

"पायासाठी न्हाय," सोजरबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"सोजरबाई, साकु. पुरे," मास्तर म्हणाले.

"का पुरे? त्याला नारळ घिऊन उभं राहिल्यालं बघतिया मी मघापासनं, आन् पुरे म्हन्ता?" म्हातारी उठून पुढे आली. "मालक, तुमी दीड वर्साचं होता. आई तुमाला हितं घिऊन यायची. रांगत रांगत मास्तरांच्या टेबलाखाली जाऊन बसायचा. एक दिस तितं पडल्याली टाचणी तुमी तोंडात घातली आन् गिळली."

शिवराजचा हात नकळत गळ्याकडे गेला.

"थोरले मालक तवा बाहीरगावी. डाक्टर म्हनलं, पोटात हाय, केळी चारा आन् वाट बघा. दोन दिस नुसती केळी कोंबली तुमाला. नको नको म्हनायचा, रडायचा, तरी बी. ते दोन दिस ह्यो मानूस ह्याच टेबलाखाली बसून होता. घरी गेला न्हाय, भाकरीला शिवला न्हाय. तिसऱ्या दिशी टाचणी आली बाहीर. तवा उठला. थोरल्या मालकांनी गाण्यासाठी नवा स्पीकर आनला हुता, त्यो फोडला, त्यातलं ह्ये काढलं आन् बसवलं फळीला. स्पीकर पडून फुटला म्हनून सांगितलं. त्याबद्दल सहा म्हैनं शिव्या खाल्ल्या. तुमच्या आईनं आमाला गप ऱ्हायची शपथ घातली हुती, न्हाई तर घरच्यांनी तुमाला हितं येऊ दिलं नसतं."



शिवराज टेबलाकडे बघत होता. फळीवर टाचण्या अजून उभ्या होत्या. तो पुढे झाला, त्यानं एक टाचणी उचलली, सोडली. ती खाली न पडता चटकन जागेवर जाऊन उभी राहिली. त्यानं पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. वीस माणसांसमोर मालकाचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

मग त्यानं नारळ घेतला. मास्तरांनी डोळे मिटले. पण शिवराज त्यांच्याकडे गेलाच नाही. तो टेबलाशी उकिडवा बसला आणि टेबलाच्या सागवानी पायापाशी, फरशीवर, त्यानं एका दणक्यात नारळ फोडला. पाणी सगळीकडे उडालं.

"मास्तर, ह्या बाजूनं धरा," तो उठत म्हणाला. "पट्टी उजेडाकडं करू या. तुमची जागा तुमच्याकडं. पायल तिकडं सनमायकावर बसेल, आणि कॉलर तुम्हीच तपासायच्या. कॉम्प्युटरनं काढलेल्या सुद्धा."

दोघांनी टेबल उचललं. जड होतं, पण मास्तरांनी कुणाला हात लावू दिला नाही. टेबल जागेवर बसलं तेव्हा शिवराजनं शाल उलगडली. मास्तरांनी ती त्याच्या हातात घडी करून परत दिली.

"ही ठेव जपून," ते म्हणाले. "जाईन तवा दे."

पायलनं सनमायकावर लॅपटॉप उघडला. तो लगेच उठला. सिद्धेश्वरीनं तिला सांगितलं की खोळ वापर, पण आधी बंद करत जा, आणि दर दोन महिन्यांनी पंखा साफ करून ने. पायलनं ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. नव्या रंगावर लिहिलं म्हणून शिवराज रागावला नाही.

सोजरबाईनं खोबऱ्याचे तुकडे केले. ताटात गुळाशेजारी एक केळंही उरलं होतं. ताट शिवराजसमोर आलं तेव्हा त्यानं खोबरं सोडून केळं उचललं. सगळा कारखाना बघत होता. त्यानं साल सोललं, डोळे मिटले, एक घास घेतला, कसाबसा गिळला आणि उरलेलं केळं मास्तरांपुढे धरलं.

"बाकीचं तुम्ही खा," तो म्हणाला. "दोन दिवस उपाशी होता म्हणे."

मास्तरांनी ते घेतलं आणि टेबलाशी उभ्या उभ्या खाल्लं.